गिअरबॉक्स उतरवायचा दिवस

सकाळी ७.५०

नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढे, सर्व्हिस रोडला लागून दोन गाळ्यांचं गॅरेज आहे. वर पत्रा, खाली कोबा. कोब्यात वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं. उजव्या गाळ्यात माणूस उभा राहील एवढा खड्डा, त्यावर लोखंडी फळ्या. २०२५ चं नवरात्र चालू आहे. मिस्त्री शटर वर करतात, उदबत्ती लावतात, कॉम्प्रेसरमधलं पाणी सोडतात आणि मग बटण दाबतात. त्यांचे नऊ दिवसांचे उपवास आहेत. अनवाणी राहायचं व्रत मात्र ते धरत नाहीत. कोब्यावर तारेचे, पत्र्याचे तुकडे पडलेले असतात आणि दिवसभर उभ्यानंच काम.

हाताखाली तिघं. सर्वांत जुना माणूस, महिना सोळा हजार. आयटीआय झालेला पोरगा, बारा हजार; स्कॅनर त्याच्या ताब्यात. आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला एक शिकाऊ, रोजचे साडेतीनशे. दोन्ही गाळ्यांचं भाडं बावीस हजार. शटर उघडलं न उघडलं, हे सगळं महिन्याला ठरलेलं.

८.१५

पांढरी स्कॉर्पिओ वळणावर दिसायच्या आधी ऐकू येते. इंजिन जोरात ओरडतंय, गाडी मात्र रांगत येतेय. मिस्त्री हातातला चहाचा कप खाली ठेवतात. "प्लेट गेली," एवढंच म्हणतात.

२०१५ चं मॉडेल, २.२ लिटर एमहॉक इंजिन, मीटरवर २,४१,३०० किलोमीटर. पिंपळगाव बसवंतहून आली आहे. मालक द्राक्षवाले. २०२१ मध्ये सव्वासहा लाखांना दुसऱ्या हाताने घेतलेली. शेजारी बसलेला मुलगा बाविशीचा, गाडी बहुतेक वेळा तोच चालवतो. आज मात्र बापाने चालवत आणली.

मिस्त्री स्वतः सीटवर बसतात. हँडब्रेक ओढतात, चौथा गिअर टाकतात, ॲक्सिलरेटर जरासा देऊन क्लच सावकाश सोडतात. चांगला क्लच असता तर इंजिनाने झटका देऊन मान टाकली असती. हे चालूच राहतं. पाय पूर्ण सुटला तरी चालू. मग केबिनमध्ये जळका वास येतो, कडू आणि कोरडा. एकदा घेतला की विसरत नाही.

"कुठं कुठं नेली होती?"

"परवा वणीला. नांदुरीपर्यंत. तिथनं पुढं एसटीनं गेलो गडावर."

"घाटात ट्रॅफिक होतं?"

"तास दीड तास."

मिस्त्री मुलाकडे बघतात. मुलगा डावा पाय जरा मागे घेतो. कुणी काही बोलत नाही.

८.४०

खर्चाचा अंदाज कॅलेंडरच्या मागच्या कागदावर. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट ९,२००. रिलीज बेअरिंग २,४००. मागचं क्रँक सील ६५०. गिअर ऑइल दोन लिटर ९००. क्लचचं ऑइल १५०. मजुरी ३,५००.

मालक कागद हातात घेऊन उभे राहतात. "नुसती प्लेट टाकली तर?"

"दादा, प्लेटला हात लावायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. साडेतीन हजार त्याचे आहेत. प्लेट टाकायला वीस मिनिटं लागतात. महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागलं, तर तुम्ही पुन्हा तेच साडेतीन हजार देणार."

"आणि सील?"

"सील पाझरलं की नव्या प्लेटवर ऑइल. नव्वद टक्के काम करून साडेसहाशे वाचवू नका."

मालक मान हलवतात. मग हळू आवाजात म्हणतात, पावसाने छाटण्या लांबल्यात, औषधांचा निम्मा खर्च आत्ताच होऊन गेलाय. द्राक्षाचं असंच असतं. ऑक्टोबर छाटणीपासून खर्च सुरू होतो. फवारणी, मजूर, पुन्हा फवारणी. पैसा दिसतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल निघाल्यावर. गाडीचा क्लच मात्र महिना बघून बसत नाही.

"करा," ते म्हणतात.

९.००

गाडी खड्ड्यावर घेतली जाते. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. बॅटरीची काळी वायर पहिल्यांदा सुटते. शिकाऊ विचारतो, लालही काढू का? "काळी सुटली की पुरे. सेल्फची वायर उघडी असते, पाना कुठंही टेकला तरी ठिणगी नको." सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. गॅरेजमध्ये तिला दुसरं नाव नाही.

केबिनमध्ये गिअरच्या दांड्याभोवतीचं कव्हर निघतं, खालून दांडा. कव्हराखाली शेंगदाण्याची टरफलं, दोन रुपयांचं नाणं, फास्टॅगचा जुना स्टिकर. नाणं डॅशबोर्डवर ठेवलं जातं. असल्या वस्तू मालकाच्या समोर ठेवायच्या, हा इथला नियम आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

९.२५

मिस्त्री आणि जुना माणूस खड्ड्यात. वरून फक्त दोन टोप्या आणि बॅटरीचा उजेड दिसतो. गाडी मागच्या चाकांनी चालणारी. गिअरबॉक्सकडून मागच्या हौजिंगपर्यंत लांब प्रोपेलर शाफ्ट गेलेला. तो सोडण्याआधी मिस्त्री खिळ्याने दोन्ही फ्लँजवर एकच आडवी रेघ ओढतात. शाफ्ट होता तसाच परत बसला पाहिजे. अर्धा फेरा फिरवून बसवला तर साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते, आणि मग गिऱ्हाईक क्लचलाच दोष देत परत येतं. ती रेघ ओढायला पाच सेकंद लागतात.

चार बोल्ट. तीन सुटतात, चौथा गंजलेला. त्यावर स्प्रे मारून दहा मिनिटं तसंच सोडतात. घाईने पाना मारला की बोल्टाचं डोकं गोल होतं, मग छिन्नी, मग वेल्डिंग, मग अर्धा दिवस. दहा मिनिटांत दोघं सेल्फ उतरवतात. मग जुना माणूस पान्याला पाइप चढवून एकदाच, सरळ, वजन टाकतो. टक् असा आवाज येतो आणि बोल्ट सुटतो.

१०.२०

गिअर ऑइल खाली टबात उतरतंय, काळपट, चहाच्या चोथ्यासारखा गाळ घेऊन. मिस्त्री त्यात बोट बुडवतात आणि अंगठ्यावर चोळतात. लोखंडाचा कण लागतो का बघतात. नुसती बारीक भुकटी आहे, कीस नाही. गिअरबॉक्सच्या आत हात घालायची गरज नाही. मालकाचे निदान वीस हजार वाचले. ते समोरच्या टपरीवर आहेत, त्यांना अजून माहीत नाही.

आता वजनाचं काम. गिअरबॉक्सखाली जॅक, जॅकवर लाकडी फळी, फळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा. क्रॉस मेंबर सुटतो आणि सगळा भार जॅकवर येतो. बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट दिसत नाहीत, हातानेच शोधायचे. मिस्त्री डावा हात चॅसिस आणि गिअरबॉक्सच्या फटीतून खांद्यापर्यंत वर घालतात, डोळे मिटतात आणि गोटीपाना बोटांनी बसवतात. त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला भाजल्याचे जुने वण आहेत, एकाखाली एक. सायलेन्सरचा पाइप तिथूनच जातो.

"धर," ते म्हणतात. जुना माणूस मागचं टोक छातीशी घेतो. दोघं मिळून गिअरबॉक्स मागे ओढतात, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. तिसऱ्या हेलकाव्याला तो सुटतो. एका दमात खाली घेतात. वर आल्यावर मिस्त्री कमरेचा पट्टा सैल करतात आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहतात. सकाळपासून पोटात दोन केळी आणि चहा.

११.१०

प्रेशर प्लेट निघते, प्लेट हातात येते. मालकाला बोलावलं जातं. जुनी प्लेट त्यांच्या हातात देतात. अस्तर घासून रिव्हेट वर आलेत, एका ठिकाणी तर रिव्हेटाने फ्लायव्हीलवर बारीक गोल ओढलाय. नख फिरवलं तर जेमतेम अडकतं. फ्लायव्हीलवर निळसर डाग, तापल्याचे. तडा नाही. पॉलिश पेपरने घासून चालेल.

"पाय," मिस्त्री मुलाला म्हणतात, "गिअर टाकून झाला की क्लचवरनं उचलायचा. बाजूला जागा दिलीय पाय ठेवायला. नुसता टेकवून ठेवला तरी प्लेट अर्धी सुटलेली राहते. घाटात गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा."

मुलगा प्लेट उलटसुलट करून बघतो. "किती चालायला पाहिजे होती?"

"ही पहिलीच असेल तर चांगली चालली म्हणायची. तुझ्या आधीच्या मालकाने सांभाळलीय."

११.३०

शिंगाडा तलावाच्या बाजारातल्या दुकानात फोन. दुकानदाराशी वीस वर्षांचा व्यवहार. मालाची उधारी पंधरा दिवसांची. बावीस सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आलाय. दुकानदार म्हणतो, आधीचा स्टॉक आहे, पण नव्या दरानेच देतो. मिस्त्री म्हणतात, तेवढं तर द्यावंच लागेल. सामान स्कूटरवरून येणार, आणणाऱ्या पोराचे साठ रुपये.

दरम्यान डाव्या गाळ्यात क्रेटा आली आहे. इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. आयटीआयचा पोरगा स्कॅनर जोडतो, मग बॉनेट उघडून एका वायरिंगच्या जुडग्यावर बोट ठेवतो. उंदराने कुरतडलंय. पावसाळ्यात उबेला येतात. वायर जोडून, टेप मारून, वरून नळी चढवून तासाभरात काम होतं. आठशे रुपये. शिकाऊ पोरगा फडक्यात तंबाखूची पानं बांधून बॅटरीच्या बाजूला अडकवतो, ती फुकट. उंदीर याने खरंच थांबतो का, यावर गॅरेजमध्ये एकमत नाही, पण पानं न लावता गाडी सोडत नाहीत.

दुपारी १.१५

जेवण. मिस्त्रींच्या डब्यात भगर आणि दाण्याची आमटी. हात आधी डिझेलने धुतात, मग कपड्याच्या पावडरने. नखांच्या कडा काळ्याच राहतात.

ते पंधराव्या वर्षी शिकायला लागले, आठवड्याला पन्नास रुपयांवर. तेव्हा कमांडर, मार्शल, अरमाडा. २००२ साली इथल्याच सातपूरच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. आपल्याच गावात झालेली गाडी, म्हणून त्या वर्षी नाशिकचे मिस्त्री ती कुठंही उभी दिसली की वाकून खाली बघायचे, असं ते सांगतात. पुढे कॉमन रेल इंजिन आलं, कानाने पंप जुळवायचं काम कमी झालं. चॅसिस मात्र शिडीसारखी तीच. "बॉडी वेगळी, चॅसिस वेगळी. म्हणून ही दहा-पंधरा वर्षं झाली तरी उभी करता येते. खालून हात पोचतो." गाडीत त्यांना आवडतं ते एवढंच: हात पोचणं.

मालकही डबा खाताना हिशेब सांगतात. डिझेल नव्वदच्या वर, गाडी देते बाराच्या आसपास. पंधराशे सीसीच्या वरची म्हणून नुसता थर्ड पार्टी विमाच ७,८९७, वर अठरा टक्के. टोलला ऑगस्टपासून वर्षाचा पास काढलाय, तीन हजारांत दोनशे फेऱ्या. पिंपळगावचा टोल दारातच, तो त्यांना परवडला. नवी नंबरप्लेट अजून लावायचीय, ७४५ अधिक जीएसटी. टायर पुढच्या वर्षी. चाळीस हजार धरून ठेवलेत. नवी गाडी घ्यायचं त्यांच्या बोलण्यात एकदाही येत नाही.

२.००

एक निवृत्त मास्तर येतात. त्यांची जुनी स्कॉर्पिओ २०१० ची, पंधरा वर्षं भरतायत. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची. फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा, त्याआधी आरटीओत तपासणी. "ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर, धूर. सगळं बघतील. सोमवारी सोडा, दोन दिवस लागतील." मास्तर विचारतात, विकावी का? मिस्त्री गाडीखाली वाकून चॅसिसवर हातोडीने ठोकत जातात, पुढून मागपर्यंत. आवाज सगळीकडे खणखणीत. "चॅसिस सडलेली नाही, सर. ठेवा."

२.३०

नवं सामान उघडतात. नव्या प्लेटवर हात लागू देत नाहीत. बोटांचं तेल अस्तराला नको. मागचं सील आधी बसतं. कडेला ऑइलचा हात फिरवून, लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी थोडं थोडं. मग फ्लायव्हील पुसून कोरडं.

प्लेट कोणत्या बाजूने बसते, हे शिकाऊ पोराला विचारलं जातं. तो दोनदा फिरवून बघतो आणि बरोबर सांगतो. तीन महिन्यांपूर्वी तो फक्त पाने पुसत होता.

प्लेट मधोमध आली पाहिजे. त्यासाठी डमी शाफ्ट, जुन्या गिअरबॉक्समधून काढून ठेवलेला. तो मध्ये घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळायचे. शेवटचा आवळा टॉर्क रेंचने. हा रेंच कपाटात वेगळा, कापडात गुंडाळलेला असतो. उधार मागायला आलेल्या शेजारच्या गॅरेजवाल्यालाही तो मिळत नाही.

३.१५

गिअरबॉक्स वर चढवणं उतरवण्यापेक्षा अवघड. उतरवताना वजन तुमच्या बाजूने असतं. आता तिघं खाली. शाफ्टचं टोक प्लेटच्या दात्यांत शिरायला हवं, आणि मध्ये केसाएवढाही तिरकेपणा चालत नाही. पहिल्यांदा अडतो. दुसऱ्यांदाही. "बोल्टने ओढून घेऊ का?" आयटीआयचा पोरगा विचारतो. "प्लेटचं मधलं वाकेल. थांब." मिस्त्री गिअर टाकून मागचं फ्लँज हाताने जरा जरा फिरवतात, जुना माणूस गुडघ्याने जॅक सावरतो. साडेतीनच्या सुमाराला गिअरबॉक्स आपोआप दोन इंच पुढे सरकतो आणि बेल हाउसिंग इंजिनला भिडतं. खड्ड्यातून "बस्स" असा एकच आवाज येतो.

पुढचं पटपट होतं. वरचे आंधळे बोल्ट, क्रॉस मेंबर, सेल्फ, सायलेन्सर. प्रोपेलर शाफ्ट, रेघेला रेघ जुळवून. नवं गिअर ऑइल भोकातून बाहेर सांडेपर्यंत. जुनं काळं ऑइल मागच्या ड्रममध्ये; महिन्याकाठी घेणारा येतो, लिटरला पस्तीस देतो.

५.००

क्लचच्या पाइपमधली एअर काढायची. शिकाऊ वर पेडलवर, मिस्त्री खाली निपलपाशी. "दाब. धर. सोड. दाब." पारदर्शक नळीतून बुडबुडे येतात, मग नुसतं ऑइल. शेवटी पेडल निम्म्याच्या वर धरायला लागतं.

५.३०

ट्रायल. मिस्त्री चालवतात, मालक शेजारी, मागे मुलगा. आडगावच्या बाजूने हायवेला. ऐंशीला थरथर नाही, गिअर बोटाने पडतात. परतताना खड्ड्यातून जाताना पुढून डावीकडे खडखड. मिस्त्री पुन्हा त्याच खड्ड्यातून नेतात, खिडकी उघडून.

"लोअर आर्मचा बुश. रबर फाटलंय. दोन्ही बाजूंचे बदलले तर मजुरीसकट अठ्ठावीसशे, अलाइनमेंटचे पाचशे."

"आज?"

"आज नाही केलं तर गाडी पडणार नाही. पण टायर आतून खाईल. टायर दहा हजारांचा एक."

मालक बाहेर बघत राहतात. रस्त्याकडेच्या बागेत छाटणीला बायका लागल्यात. "दिवाळीनंतर," ते म्हणतात. मिस्त्री आग्रह करत नाहीत. आग्रहाने काम वाढवणारी माणसं मी पाहिली आहेत; इथे धोका कोणता आणि नुसता खर्च कोणता, हे वेगळं करून सांगतात आणि निवड मालकावर सोडतात.

६.४५

बिल १६,८००. मालक मोबाइलवरून नऊ हजार टाकतात. डॅशबोर्डवरचं दोन रुपयांचं नाणं मुलगा उचलतो. "बाकी, मिस्त्री..."

"माल निघाल्यावर द्या."

"थोडे आधी बघतो."

"पहिले पाचशे किलोमीटर ओढाताण करू नका. ट्रेलर नको, घाट नको. प्लेट जुळू द्या."

जुना क्लच सेट गॅरेजमध्येच राहतो, भंगारात किलोवर जाईल. गाडी मुलगा चालवत नेतो. वळणावर गिअर बदलल्याचा आवाज येतो, एकदाच, स्वच्छ.

७.३०

पाने मोजून ट्रेमध्ये. चौदाचा रिंगपाना सापडत नाही. तो खड्ड्यातल्या फटीत मिळतो. पोरांना चहा-वडापाव मिस्त्रींकडून, एकशे चाळीस रुपये. दुकानदाराच्या १३,३०० ला आता पंधरा दिवस आहेत आणि हातात आलेत नऊ हजार. क्रेटाचे आठशे धरूनही भाड्याच्या लिफाफ्यात आज काही पडत नाही.

मिस्त्री लाल पाठीची वही काढतात. प्रत्येक गाडीला एक पान. नंबर, किलोमीटर, काय टाकलं, काय राहिलं. पिंपळगावच्या गाडीचं पान उघडून ते सावकाश लिहितात: २,४१,३२२. क्लच सेट, बेअरिंग, मागचं सील, गिअर ऑइल. डावा-उजवा लोअर आर्म बुश राहिला, दिवाळीनंतर फोन करणे. इंजिन ऑइल २,४८,००० ला. बाकी ७,८००, मार्च.